शिंक्यातला मोबाइल

आमच्या घरातला पहिला मोबाइल अजून माझ्याकडे आहे. चालत नाही. बॅटरी फुगून मेली, बटणांवरचे आकडे पुसले गेलेत, आणि डोक्यावरची दांडी वाकडी आहे. ती मीच वाकवली, ते पुढे येईल. मुलगी म्हणते, "बाबा, हे ई-वेस्ट आहे, द्या इकडे, मी ऑफिसात जमा करते." मी देत नाही. चकलीचा सोऱ्या ज्या पत्र्याच्या डब्यात आहे त्याच डब्यात तो ठेवलाय. दोन्ही माझ्या बायकोची हत्यारं. ती जाऊन वर्ष होऊन गेलं. त्यावर मला काही बोलता येत नाही, म्हणून मोबाइलचं सांगतो.

मी शिकलेला माणूस नाही. चौथी झाली आणि कराडकडून मामाच्या मागे दिल्लीला आलो. सरकारी क्वार्टरांमध्ये वायरमन म्हणून लागलो आणि वायरमन म्हणूनच रिटायर झालो. मधे कुणी साहेब केलं नाही, मी मागितलंही नाही. आयुष्यभर एकच गोष्ट मानली: तार. तार असेल तर करंट येतो, तार नसेल तर देव आला तरी बल्ब लागत नाही. बायको सातवी पास होती. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तिने हे मला सांगितलं आणि नंतर दर आठवड्याला आठवण करून दिली.

आर. के. पुरमच्या क्वार्टरात आम्ही चोवीस वर्षं काढली. तिथे ती फराळवाली बाई म्हणून ओळखली जायची. आसपासच्या ब्लॉकांत पुण्याची, नागपूरची, सोलापूरची कितीतरी घरं. नवरे मंत्रालयांत, बायका कुणी शाळेत, कुणी घरी, आणि दिवाळी आली की सगळ्या आमच्या गॅलरीखाली. "काकू, चार किलो चकली!" "वहिनी, माझा चिवडा शेंगदाणे कमी!" ती वरून नुसती मान हलवायची. लिहून घ्यायची नाही. सगळं डोक्यात. तिची एक मोठी लोखंडी कढई होती, एवढी मोठी की तिच्यात आमची मुलगी दोन वर्षांची असताना बसून आंघोळ करायची. बायको कुणाच्या दारात ऑर्डर मागायला कधी गेली नाही. ऑर्डर चालत यायची.

मग मी रिटायर झालो आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. मी द्वारकेला सोसायटीत फ्लॅट घेतला. घेतला म्हणजे बायकोला विचारून घेतला नाही. चिठ्ठीत नंबर निघाला आणि मी पेढे घेऊनच घरी गेलो. तेव्हाची द्वारका म्हणजे काय होती, आता तिथे मेट्रोने उतरणाऱ्यांना सांगून पटणार नाही. चार-चार मजल्यांच्या इमारती, दर चारांतल्या तीन रिकाम्या. पाणी टँकरने. बस एक, तीही मनात आलं तर. पहिल्या सकाळी ती गॅलरीत गेली, खाली बघितलं आणि आत येऊन म्हणाली, "अहो, खाली नीलगाय उभी आहे. तिला विचारून येऊ का किती किलो चिवडा हवाय?"

टेलिफोनसाठी अर्ज केला. ऑफिसातला माणूस म्हणाला, "अभी तो एक्सचेंज की बिल्डिंग ही नहीं बनी, चाचा जी." मी म्हटलं तार मी ओढून देतो. तो हसला.

पहिली दिवाळी आली. एक ऑर्डर नाही. कुणाला आमचा पत्ता नीट ठाऊक नाही, फोन नाही, आणि आर. के. पुरमहून चकलीसाठी दोन बस बदलून कोण येणार? मी म्हटलं, "बूथवरून फोन कर बायकांना. सांग की बनवतेय."

ती म्हणाली, "मी सांगू? चोवीस वर्षांत सांगितलं नाही ते आता सांगू?"

त्या वर्षी तिने घरापुरता एक किलो चिवडा केला आणि कढई माळ्यावर टाकली. त्यानंतर ती गप्प झाली. माझी बायको म्हणजे मला दिवसातून दहा वेळा झापणारी बाई. मी चप्पल काढली की बोलायची, घातली की बोलायची. ती गप्प. भाजीत मीठ नसलं तरी मी बोलायचो नाही, तीही बोलायची नाही. घर असं झालं की फ्यूज गेलाय आणि कुठला गेलाय ते सापडत नाही. आणि वायरमन मी.

उन्हाळ्यात एकदा कबाडी आला तेव्हा तिने मला कढई खाली काढायला सांगितली. मी विचारलं कशाला. "जागा अडते," म्हणाली. मी म्हटलं, एक दिवाळी थांब. ती म्हणाली, "ठीक. एक दिवाळी. छोट्या कढईत जमेल एवढ्याच ऑर्डरी आल्या, तर ही भंगारात. मग तुम्ही मधे बोलायचं नाही." कबाडीने कढई हाताने तोलून बघितली, "बढ़िया लोहा है," म्हणाला आणि दिवाळीनंतर येतो सांगून गेला. त्याचं ते "बढ़िया लोहा" मला आजही आवडलेलं नाही.

मोबाइल आणला मुलीने. ती तेव्हा नुकती गुडगावात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली होती. तिथल्या एकाने नवा सेट घेतला आणि जुना तिने त्याच्याकडून आईसाठी घेतला. जुना म्हणजे काय, वीट. काळी वीट, वर बोटभर दांडी, चामड्याचं कव्हर, मागे पट्ट्याला अडकवायची क्लिप. पट्ट्याला अडकवला तर पँट खाली. मी हातात घेऊन उलटासुलटा केला. "याची तार कुठाय?"

"बाबा, तार नसते. हवेतून येतं."

"हवेतून धूळ येते."

बायकोने तो माझ्या हातातून काढून घेतला. दीड वर्षात पहिल्यांदा तिने माझ्या हातातून काहीतरी हिसकावलं. मला बरं वाटलं.

पण घरात रेंजच नाही. बैठकीत नाही, खोलीत नाही, बाथरूममध्ये अर्धी दांडी. मी म्हटलं हा माझा विषय. टीव्हीचा अँटेना गच्चीवर असतो म्हणून चित्र दिसतं ना? मग मोबाइललाही गच्ची दाखवली पाहिजे. मी मोबाइलच्या दांडीला तांब्याची तार गुंडाळली, पकडीने आवळली, खिडकीतून वर नेली आणि गच्चीतल्या लोखंडी पाइपला बांधली. आवळताना दांडी वाकली ती तेव्हा. सगळं करून खाली आलो तर जी अर्धी दांडी रेंज होती तीही गेली. मुलगी जमिनीवर बसून हसत होती. बायको गच्चीवर जाऊन तार बघून आली आणि दुसऱ्या दिवशी तिने त्या तारेवर चादरी वाळत घातल्या. "काहीतरी कामाला आली," म्हणाली.

शेवटी रेंज तिनेच शोधली. मोबाइल हातात धरून, देवाला ओवाळतात तसा तो घरभर फिरवत. मागच्या गॅलरीत, सिलिंडरच्या वर, कपड्यांच्या दांडीच्या टोकाला, माणसाच्या डोक्याहून हातभर उंच अशा एका जागी तीन दांड्या यायच्या. वीतभर इकडे सरकलं की संपलं. मग तिने नायलॉनच्या दोरीचं शिंकं विणलं. माहेरी दुधाचं पातेलं मांजरापासून वाचवायला टांगायचे तसं. ते शिंकं त्या जागी टांगलं आणि मोबाइल त्यात ठेवला. बोलायचं असेल तर स्टुलावर चढायचं, तोंड शिंक्यात घालायचं आणि ओरडायचं. मी म्हटलं, यापेक्षा गॅलरीतूनच आर. के. पुरमला हाक मार.

पण बोलायचं नव्हतंच. तेव्हा आलेला फोन उचलला तरी पैसे लागायचे, आणि लागायचे म्हणजे चांगलेच. वाजला आणि बंद झाला तर फुकट. अर्धी दिल्ली त्या वाजून बंद होण्यावर जगत होती. खाली उतर म्हणून एक घंटी, पोचलो म्हणून दोन. बायकोने त्यातून आपला कायदा केला. जुन्या गिऱ्हाइकांचे घरचे फोन नंबर तिच्या वहीत होते. त्या सगळ्यांना तिने पोस्टकार्डं लिहिली. एक कार्ड माझ्यासमोर लिहिलं, म्हणून आठवतंय: 'आमच्याकडे फोन आला आहे. नंबर खाली दिला आहे. सकाळी वाजवल्यास चिवडा समजू. दुपारी वाजवल्यास चकली. दिवे लागल्यावर बेसनाचे लाडू. जितके किलो हवे तितक्या वेळा वाजवून बंद करावे. फोन उचलला जाणार नाही. राग मानू नये.'

मी म्हटलं, "आणि शंकरपाळे हवे असतील तर? पहाटे चारला?"

"शंकरपाळे बंद केलेत," ती म्हणाली. "कायद्यात बसत नाहीत."

ऑर्डर द्या असं त्या कार्डात कुठेही नव्हतं, हे लक्षात घ्या. फोन आला आहे, एवढंच. मान तशीच ताठ.

माझं काम ठरलं. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं, घंट्या मोजायच्या आणि पडद्यावर जो नंबर उमटेल त्याचे शेवटचे दोन आकडे वहीत लिहायचे. मोबाइलमध्ये नावं इंग्रजीत भरावी लागत, ते आम्हा दोघांनाही जमायचं नाही. मग बायकांची नावंच गेली. "त्रेचाळीसने दोन किलो चकली सांगितली." "एकोणऐंशी अजून आली नाही, गेल्या वेळी चिवडा तिखट लागला होता तिला." मुलगी दिल्लीत वाढलेली. ती म्हणायची, "आई, एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी नाइन की एटी नाइन? बिल्कुल समझ में नहीं आता यार." बायको म्हणायची, "पगार इंग्रजीत मोज, फराळ मराठीत."

घंट्यांचा आवाज सगळ्या इमारतीत जायचा, कारण फोन गॅलरीत आणि इमारत जवळजवळ रिकामी. खालचा चौकीदारही मोजायला लागला. मी डुलकी काढली तर खालून हाक यायची, "अंकल जी, तीन हो गई! चकली!"

पण खरं सांगायचं तर ऑर्डरी फार नव्हत्या. दिवाळीला पंधरा-वीस दिवस उरले होते आणि वहीत सगळे मिळून सात किलो. छोट्या कढईतच आरामात. बायको काही बोलत नव्हती. माळ्याकडे बघत नव्हती. मी बघत होतो.

आणि एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर, शिंकं थरथरलं. वाजला, बंद. वाजला, बंद. पाच वेळा. मी स्टुलावर चढून नंबर बघितला. शेवटी अडुसष्ट. वहीत अडुसष्ट नाही.

"पाच किलो लाडू!" बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "कोण?"

"अडुसष्ट. ओळखीचा नाही."

"त्रेचाळीसने मैत्रिणीला सांगितलं असणार. माझी चकली खाल्लेली बाई गप्प बसत नाही." तिचे डोळे लकाकले. "एकदम पाच! ऑफिसातली असेल. साहेबिणीपैकी."

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, पुन्हा पाच. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाच.

आता पाच किलो बेसन छोट्या कढईत भाजता येत नाही. तिने मला माळ्यावर चढवलं. कढई खाली आली, घासली गेली, गॅसवर चढली आणि घरात तुपाचा वास सुटला. मला लाडू वळायला बसवलं. माझे हात वायरमनचे. माझा एक लाडू लिंबाएवढा, दुसरा शंभरच्या बल्बएवढा. ती ओरडली, "अहो, लाडू वळताय की होल्डर बसवताय? सारखे करा! गिऱ्हाइक काय म्हणेल?" तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं, पदर खोचलेला, हातात उलथणं. माझा शर्ट, माझे हात, माझा मामा, माझ्या फ्लॅटची चिठ्ठी, सगळ्यांचा तिने एका दमात उद्धार केला. दीड वर्षाचं राहिलेलं सगळं त्या सकाळी मिळालं.

तिसऱ्या दिवशीच मला संशय आला होता. हे मी तिला पुढे कितीतरी वर्षं सांगितलं नाही. रोज एकाच वेळी, रोज पाच, आणि प्रत्येक घंटीनंतर सारखंच थांबणं, जसं कुणी उत्तराची वाट बघतंय. लाडू सांगणारी बाई अशी थांबत नाही. चाळीस वर्षं मी घंट्या बसवल्यात. बटण दाबणारा माणूस घाईत आहे का दारात नुसता उभा आहे, हे मला घंटीवरून कळतं. पण मी बोललो असतो तर कढई परत माळ्यावर गेली असती. आणि ती परत गप्प झाली असती. मी गप्प राहिलो आणि लाडू वळले.

पाचव्या दिवशी घरात पंचवीस किलो बेसनाचे लाडू होते. स्टीलचे डबे संपले, मग पाण्याच्या नव्या बादल्या, मग मुलीची हॉस्टेलची पेटी. मुलगी ऑफिसातून आली, पेटी उघडली आणि म्हणाली, "आई, माझे स्वेटर?"

"सोफ्याखाली."

"आणि हे सगळं द्यायचं कुठे? पत्ता काय त्या सिक्स्टी एटचा?"

कायद्यात सगळं होतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, किलो. पत्ता नव्हता. जुन्या गिऱ्हाइकांचा पत्ता विचारायची कधी गरजच पडली नव्हती ना.

मग पहिल्यांदा त्या मोबाइलवरून फोन करायचं ठरलं. बायको स्टुलावर चढली. मी स्टूल धरलं. मुलीने नंबर दाबून दिला. बायकोने तोंड शिंक्यात घातलं आणि ओरडली. खाली चौकीदाराने मान वर केली.

"हॅलो! बहनजी, लड्डू तैयार हैं! कहाँ भेजूँ?"

तिकडून एक म्हातारा पंजाबी आवाज. तोही ओरडत होता, म्हणून आम्हालाही ऐकू येत होतं. "कौन? कौन से लड्डू?"

"बेसन के! पच्चीस किलो!"

"पच्चीस किलो? किसकी शादी है?"

"आपने ही तो बोला! रोज़ पाँच-पाँच घंटी!"

तो आवाज एकदम बदलला. "आप... आप मेरे बेटे के घर से बोल रहे हो जी? उसने नई कुक रखी है? उसको दो ज़रा."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी स्टूल जास्त घट्ट धरलं.

हळूहळू उलगडलं. हे गृहस्थ जनकपुरीला एकटेच राहायचे. नळाच्या सामानाचं दुकान होतं, ते आता दुसऱ्याला दिलेलं. मुलगा बंगलोरला. त्याने बापाला मोबाइल घेऊन दिला आणि सांगून ठेवलं, पापाजी, अर्जंट असेल तर संध्याकाळी पाच वेळा वाजवून बंद करा, मी लगेच उलटा फोन करतो. पाच दिवस ते वाजवून वाट बघत बसले होते. मुलाचा फोन काही येत नव्हता. येणार कुठून? बायकोने मुलाचा नंबर वाचून दाखवायला लावला. एक आकडा ते कधी आठ वाचत, कधी तीन. तीन धरला की नंबर आमचा.

"चष्मा कहाँ है आपका?" बायकोने विचारलं.

"पता नहीं जी. मेरी घरवाली रखती थी."

"कहाँ है वो?"

"पिछले साल गुज़र गई."

मुलगी मागून कुजबुजली, "आई, पैसे लागतायत." बायकोने हाताने तिला गप्प केलं.

"अर्जंट क्या था, भाईसाब?"

"कुछ नहीं जी. छोड़ो."

"पाँच दिन घंटी मारी है. बोलिए."

"गैस ख़त्म हो गई थी," तो म्हणाला. "दूसरा सिलिंडर है घर में, भरा हुआ. वो जो ऊपर टोपी होती है ना, वो मुझसे लगती नहीं. बेटे से पूछना था कैसे लगाते हैं. पाँच दिन से डबलरोटी खा रहा हूँ."

मला हसू फुटलं. स्टूल हललं. बायकोने पायाने माझ्या डोक्यावर टपली मारली, खरंच मारली, आणि शिंक्यात ओरडली, "पता बोलिए! मेरे घरवाले आ रहे हैं. वायरमन हैं, सब लगा देते हैं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत पाच किलो लाडू आणि खिशात पाना घेऊन मला जनकपुरीला धाडण्यात आलं. दार त्यानेच उघडलं. म्हातारा समजून गेलो तर माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. बनियन उलटं घातलेलं. सिलिंडरला रेग्युलेटर बसवायला मला चहाचा घोट घ्यायला लागतो तेवढा वेळ लागला. पण चहा नव्हता, कारण त्याला करता येत नव्हता. मी विचारलं, "भाभीजी ने सिखाया नहीं?" तो म्हणाला, "मैंने पूछा ही नहीं कभी." मग त्याने एक लाडू तोंडात टाकला, तो बल्बएवढ्यांपैकी होता, आणि डोळे मिटून चावत बसला. "भाई साहब," म्हणाला, "ये माल है. ये लड्डू नहीं, माल है."

घरी येऊन मी बायकोला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. "साठी उलटलेला बाप्या! टोपी दाबता येत नाही! बायको गेली म्हणून माणूस एवढा निकामी होतो? आठ आणि तीन कळत नाही?"

मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "तुम्हाला चहा करता येतो?"

"वेळ आली की येईल."

"उठा," ती म्हणाली. "आत्ता वेळ आली."

चहा झाला, मग तिने मला कढईपुढेच उभं केलं. बेसन तुपात टाकलं आणि उलथणं माझ्या हातात दिलं. मी विचारलं, किती मिनिटं? "घड्याळ बघायचं नाही. वास बघायचा. आधी कच्चा वास जातो, मग शेंगदाण्यासारखा येतो, मग एकदम असा येतो की शेजारचा खोकला थांबवून विचारतो काय चाललंय. तेव्हा बंद. त्यानंतर एक क्षण थांबलात तर तुमचं तोंड आणि बेसन सारखंच काळं." मी दोनदा जाळलं. तिसऱ्यांदा वरच्या मजल्यावरचे एकटेच राहणारे गृहस्थ जिन्यात येऊन म्हणाले, "क्या बन रहा है जी?" ती म्हणाली, "झालं. शिकलात."

उरलेल्या वीस किलोंचं काय झालं? अडुसष्टने केलं. दुकानदार माणूस. दोन दिवसांनी रिक्षा करून स्वतः आला, खिशाला चष्मा लावलेला. लाडू बघून म्हणाला, "बहनजी, ये मेरे ऊपर छोड़ो." पेटीसकट घेऊन गेला. त्याच्या गल्लीत, जुन्या दुकानावर, देवळात. दोन दिवसांत संपले, आणि तिसऱ्या संध्याकाळपासून शिंकं थांबेना. नवे नवे नंबर. त्याने सगळ्यांना आमचा कायदा सांगितला होता, पण अर्धाच. सकाळ-दुपार त्याच्या लक्षात राहिली नव्हती. पंजाबी बायका वाटेल तेव्हा वाजवायच्या आणि आम्ही अंदाजाने चिवडा-चकली त्याच्याकडे पाठवायचो, तो नंबर बघून घरोघर द्यायचा. एकीला चार किलो चकली गेली, तिला लाडू हवे होते. तिने चकली खाल्ली आणि पुन्हा चार वेळा वाजवलं.

भाऊबीज झाल्यावर कबाडी आला. बायको दारात गेली आणि म्हणाली, "भैया, किसने बोला बेचनी है?" मी मधे बोललो नाही. तसं ठरलं होतं.

पुढे शेजारच्या सेक्टरात टॉवर झाला, घरभर रेंज आली, शिंकं काढलं. मग आलेला फोन फुकट झाला आणि कायदाही संपला. बायका अर्धा अर्धा तास बोलायला लागल्या. बायको म्हणायची, घंट्यांचा जमाना बरा होता, चिवड्यात शेंगदाणे किती यावर भाषण ऐकावं लागत नव्हतं. सेट बदलले, तीन-चार. नंबर तोच ठेवला. फक्त अडुसष्ट बदलला नाही. तो दर दिवाळीच्या आधी, दिवे लागल्यावर, पाच वेळा वाजवून बंद करायचा. फोन फुकट असो नाहीतर काही. ती म्हणायची, "आला माझा पहिला साहेब."

ती गेल्यावर तो तेराव्याला आला होता. काठी घेऊन. माझ्याजवळ बसला. उठताना स्वयंपाकघरात जाऊन गॅसचा रेग्युलेटर हलवून बघितला, नीट बसलाय का.

मग गेल्या वर्षीची दिवाळी आली. तिच्याविना पहिली. मुलगी म्हणाली, "बाबा, यंदा काही करायचं नाही. आणि ती कढई देऊन टाकू या का? एवढी जड, तुम्ही कुठे उचलणार?" मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. तिचा मोबाइल मात्र मी चार्ज करून ठेवत होतो. नव्या गिऱ्हाइकांचे फोन यायचे. मी उचलायचो नाही. ती नाही, हे वाक्य मला बोलता येत नव्हतं, आणि तिच्या कायद्यात त्याच्यासाठी घंटी नव्हती.

धनत्रयोदशीच्या आधी, दिवे लागले, आणि फोन वाजला. बंद झाला. मी बैठकीत होतो. दुसऱ्यांदा वाजला, बंद. मी मोजत गेलो, सवयच होती. पाच. पडद्यावर अडुसष्ट.

पहिल्यांदा राग आला. हा माणूस तेराव्याला जेवून गेला. त्याला माहीत आहे. पुन्हा नंबर चुकला म्हणावं, तर चष्मा आता त्याच्या गळ्यात दोरीने बांधलेला असतो, ती दोरी बायकोनेच दिली होती. चुकलेलं नव्हतं. तिने मला कढईपुढे उभं केलं होतं ते त्यालाही ठाऊक होतं, मीच वीस वेळा त्याला सांगितलं होतं. घंटी तिला नव्हती.

मुलीला फोन केला, म्हटलं कढई देऊ नकोस. ती म्हणाली, "बाबा, खाली कशी काढाल? पडाल." चौकीदार नवा आहे, त्याला बोलावलं. दोघांनी मिळून काढली. दुसऱ्या सकाळी बेसन आणलं, तूप आणलं, उलथणं घेतलं. घड्याळ उलटं करून ठेवलं. पहिली खेप जाळली. दुसऱ्या खेपेला वास आला आणि मी गॅस बंद केला. वळायला बसलो, ते मात्र तसेच. लिंबू, बल्ब, लिंबू, बल्ब.

जनकपुरीला आता मेट्रोने गेलो. पाच किलो उचलले नाहीत, दोन नेले. त्याने दार उघडलं, डबा घेतला, एक लाडू तोंडात टाकला, चावत बसला. मी बघत होतो.

"बेसन थोड़ा कम भुना है," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तो वापस दे दो."

त्याने डबा काखेत घट्ट धरला आणि म्हणाला, "बैठो. चाय बनाता हूँ."